सोनाबाईचा दुसरा आवाज

१

सोनाबाईच्या रक्तात ज्वारी भिजली होती.

चिंतामणीकाकांनी संग्रहालयाचं कुलूप काढलं, दार ढकललं आणि उंबऱ्यावरच मटकन बसले. त्यांच्या खांद्यावरून वल्लरीनं आत डोकावलं. आधी तिला दिसली ती ज्वारीच. जात्याजवळचं सूप उलटं पडलेलं, दाणे दारापर्यंत पांगलेले, आणि त्या दाण्यांमधून वाट काढत आलेला एक काळपट ओघळ. ओघळाच्या मागं मागं तिची नजर गेली. सोनाबाई जात्याला टेकून बसली होती. दळता दळता डुलकी लागावी, तशी. फक्त तिच्या डोक्याची उजवी बाजू जागेवर नव्हती.

"आजी!" रुपा वल्लरीला ढकलून आत धावली. सोनाबाईची नात ती, आजी रात्री घरी आलीच नाही म्हणून शोधत आलेली. तिनं आजीला खांद्याला धरून हलवलं, आणि आजीची मान भलत्याच बाजूला कलली. मग रुपा जी किंचाळली, ती थांबेचना. वल्लरीनं तिला मागून कवेत धरलं, तर रुपा तिच्या मनगटाला कडकडून चावली. तरी वल्लरीनं सोडलं नाही.

पिंपळधरी म्हणजे आदिलाबाद जिल्ह्यातल्या जैनथ मंडलातलं, पैनगंगेच्या काठचं गाव. तिथल्या जुन्या चावडीच्या दोन खोल्यांत हे संग्रहालय. जातं, उखळ-मुसळ, कुऱ्हाडी, जुनी चांदी, सगळं गावकऱ्यांनी दिलेलं. मधोमध स्टँडवर एक टॅब. त्यात 'गोष्टपेटी' नावाचं सॉफ्टवेअर. वस्तूच्या चित्रावर बोट ठेवलं की ती देणाऱ्या माणसाच्या आवाजात तिची गोष्ट ऐकू यायची आणि खाली मजकूर सरकायचा. या गोष्टी शाळेच्या पोरी गोळा करायच्या, आणि त्या पोरींची म्होरकी होती दहावीतली वल्लरी.

आज भिंतीवरच्या कुऱ्हाडीचा खिळा रिकामा होता. सोनाबाईनं दिलेल्या चांदीच्या कमरपट्ट्याची काच फुटली होती आणि पट्टा गेला होता.

"काल जैनथचा बाजार. मी दुपारीच गेलो," चिंतामणीकाका इन्स्पेक्टर मल्लेशमना सांगत होते. "सोनाबाई म्हने, माह्यी गोष्ट अधुरी हाये, पोरी येतीन. कुलूप मी दाबून जाईन."

"पण काल आम्ही नव्हतोच येणार," वल्लरी म्हणाली. "आमची परीक्षा होती."

दाबलं की लागणारं कुलूप. ते कुणीही दाबून जाऊ शकत होतं.

मल्लेशमसाहेबांनी पेनाच्या टोकानं टॅब जागा केला. सोनाबाईच्या फोटोखाली एक नवी गोष्ट चमकत होती, कालचीच. त्यांनी ती दाबली.

आणि जात्यापाशी मरून पडलेली बाई बोलायला लागली.

"मी सोनाबाई. मले भीती वाटते. पोरगा अमर मले कमरपट्ट्यासाठी जिवं मारतो म्हणते. त्यानं मारोतीच्या देवळामागं कुऱ्हाड दडवून ठेवली, म्या डोळ्यानं पाह्यलं. माझं काही झालं तर ह्यांच्या फोटोपुढं दिवा लावजा."

रुपाची किंचाळी बंद झाली. अमर म्हणजे तिचा बाप.

२

कुऱ्हाड देवळामागंच सापडली. पात्याला रक्त आणि पांढरे केस.

वल्लरी चावडीच्या ओट्यावर बसून मनगटावरचे दातांचे वण चोळत होती. तिला काहीतरी खटकत होतं आणि काय खटकतं ते कळत नव्हतं. दातात कण अडकावा आणि जीभ सारखी तिथंच जावी, तसं.

गोष्टपेटी गावात आली तेव्हा वल्लरी हजेरीला 'हजर' म्हणाली तरी आवाज बाकाखाली जायचा. हर्षाली मॅडमनी तिच्या हातात माईक दिला. "तू विचारायचं, मी बाहेर थांबते," म्हणाल्या. मॅडम इतिहास शिकवायच्या, आदिलाबादहून स्कूटीनं यायच्या, आणि त्यांचं म्हणणं असं की मास्तरीण समोर बसली की म्हातारी माणसं पुस्तकी बोलायला लागतात. मग आत फक्त पोरी, गोष्ट सांगणारं माणूस, आणि कोपऱ्यात स्टुलावर चिंतामणीकाका. काका संग्रहालयाचे राखणदार. पाहुण्यांना गोष्टी सांगायचं त्यांचं काम या पाटीनं हिसकावलं म्हणून टॅबवर त्यांचा भारी दात. पोरींनी टिपलेला आवाज जायचा भार्गवसरांकडे. सॉफ्टवेअर कंपनीचा हा तरुण माणूस कानाला हेडफोन लावून खोकला, कोंबडे, ऑटोचे हॉर्न वेचून काढायचा. वल्लरी मजकूर टाइप करायची आणि मॅडम तो लाल पेनानं तपासून द्यायच्या.

सोनाबाईची पहिली बैठक तर वल्लरीला पाठच होती.

"आमचं घर शेपटीवाल्याच्या देवळामागं."

"कोण शेपटीवाला, आजी?"

रुपा खो खो हसली. "अवं, आजोबाचं नाव मारोतराव होतं नं! आजी ना आजोबाचं नाव घेत, ना त्या देवाचं."

"काऊन वं सोनाबाई," काका कोपऱ्यातून म्हणाले, "नाव घेतलं तं जीभ झडते का?"

"झडन! तुमची बायको घेते म्हनून तं तुमचं टक्कल पडलं!"

हसून हसून माईक हलला होता. मग सोनाबाईनं कमरपट्टा हातात घेतला. "हा माह्या सासूचा. माह्या अमरले दात येत होते तवा यालेच चावत बसे. पाय, हे चार वण. सोनार म्हने ठोकून सारके करतो. म्या म्हनलं, हात नोको लावू. लेकराचे दात हायेत ते."

पट्टा संग्रहालयाला द्यायला अमरचा विरोध होता. माय-लेकांचं भांडण साऱ्या गावानं ऐकलं होतं. पण मॅडमनी समजूत काढली. संग्रहालयातली सगळी काळवंडलेली चांदी त्यांनी घरी नेली, रिठ्याच्या पाण्यानं धुऊन लखलखीत करून आणली, आणि पोरींनी तिचे पुन्हा नव्यानं फोटो काढले.

"आला! आला मायले मारनारा!"

वल्लरी दचकून उठली. पोलीस अमरला जीपकडे नेत होते. गर्दी अशी फुटली की दोन शिपाई नाल्यातच पडले. कुणाच्या हातात कपाशीच्या पऱ्हाटीचे फोक, कुणाच्या हातात दगड. पहिला फोक अमरच्या तोंडावर बसला आणि ओठ उभा फाटला. दुसरा कानावर.

"माह्या मायले मी काऊन मारीन?" तो रक्त थुंकत ओरडत होता. "वांगे तोडून राह्यलो होतो मी! वावरात होतो!"

"तुह्यी मायच सांगून गेली!"

कुणीतरी त्याच्या गळ्यात बैलाचा कासरा टाकला. ओढला. अमरचे डोळे पांढरे झाले. मल्लेशमसाहेबांनी हवेत गोळी झाडली तेव्हा कासरा सुटला, पण जीप निघाली तशी एक वीट काच फोडून आत गेली.

साहेब जाता जाता वल्लरीला म्हणाले, "उद्या सकाळी कोर्टात नेणार, अम्मा. आवाज आहे, हत्यार आहे. और क्या चाहिए?"

"आणि गावात परत आला तं जिता जाळू," मागून कुणीतरी म्हणालं. थट्टेनं नाही.

३

रुपाची आई बहिणीच्या बाळंतपणाला नांदेडला गेलेली. घरावर दगड पडत होते. वल्लरी रुपाला आपल्या घरी घेऊन निघाली. वाट देवळावरूनच होती.

"बाबानं नाही केलं," रुपा म्हणाली. रडून रडून तिचा आवाज घोगरा झाला होता.

"पण आवाज आजीचाच आहे, रुपा. मी शंभरदा ऐकलाय तो. खोकलासुद्धा तिचाच."

"आवाज तिचा असन. बोलनं तिचं नोयतं."

देवळापाशी रुपा थांबली. पोलिसांनी मागं दोरी बांधली होती, शेंदराच्या मूर्तीपुढं चिटपाखरू नव्हतं. रुपानं पायरीवर कपाळ टेकलं.

"शेपटीवाल्या," ती हुंदके देत म्हणाली, "माह्या बाबाले सोडव रे बाप्पा."

वल्लरी गर्रकन वळली.

"काय म्हणालीस?"

"बाबाले सोडव—"

"त्याच्या आधी!"

"शेपटीवाल्या. आजीसोबत राहून राहून माह्याबी तोंडी तेच—" रुपाचं तोंड उघडंच राहिलं.

साठ वर्षं जी बाई नवऱ्याचं नाव तोंडात येऊ नये म्हणून देवाचंही नाव गिळत आली, ती मरायच्या भीतीनं एकदम म्हणते, मारोतीच्या देवळामागं?

"ते आजी बोललीच नाही," वल्लरी म्हणाली. "कुणीतरी तिला बोलायला लावलंय. मेल्यावर."

४

भार्गवसर भैंसा गावातल्या शाळेतून तसेच धावत आले होते. आदिलाबादच्या बँकवाल्यांचा मुलगा, हैदराबादेत शिकलेला. शाळेच्या कॉम्प्युटरच्या खोलीत ते लॅपटॉप उघडून बसले होते आणि चेहरा राखेसारखा झाला होता.

"अरे यार, हे तर सोपं आहे. फार सोपं. 'आवाज पूर्ण करा' माहीत आहे ना? कुणी खोकलं, एखादा शब्द गेला, तर आपण तो टाइप करतो आणि पेटी त्याच माणसाच्या आवाजात बोलते. एक शब्द टाइप कर नाही तर दहा ओळी. पेटीला काय, अर्थम् अय्यिंदा, कळलं ना?"

"कुणाला येतं हे?"

"मला. मॅडमना. तुला. काकांनाही शिकवलं होतं मी, दात ओठ खात शिकले." ते कसंनुसं हसले. "म्हणजे पहिला संशयित मीच. लिही."

"सर, सोनाबाई मारोतीच्या देवळाला काय म्हणायची?"

"टेलवाला!" ते लगेच म्हणाले. "अरे, किती दिवस मी शोधत होतो, ये शेपटीवाला कौन है? मला वाटलं गावातला कुणी सावकार." हसू मावळलं. "कोणत्या लॉगिनवरून हे बनवलं ते हैदराबादच्या ऑफिसला दिसतं. मी विचारतो. उद्यापर्यंत सांगतील."

वल्लरी उड्या मारत चावडीकडे पळाली. ओट्यावर हर्षाली मॅडम आणि चिंतामणीकाका बसले होते. तिनं एका दमात सांगून टाकलं: आवाज खोटा आहे, भार्गवसर शोधून काढतील, उद्या नाव कळेल!

मॅडमनी तिला जवळ ओढलं. "शाब्बास, माझी वाघीण. पण कसं ओळखलंस?"

वल्लरी सांगणार, तेवढ्यात काका काठी आपटत उठले.

"सांगतलं होतं म्या! त्या पाटीले आगच लावाले पायजे. अन् तिच्या मालकालेबी." आणि तरातरा शाळेच्या दिशेनं निघाले.

मॅडमही उठल्या. "मला घरी पोचायला हवं, अंधार पडेल. तू कुणाला काही बोलू नकोस हं."

दिवेलागणीला शाळेचा शिपाई बोंबलत गल्लीतून धावत आला.

कॉम्प्युटरच्या खोलीत भार्गवसर पालथे पडले होते. माईकच्या स्टँडचा लोखंडी तळ त्यांच्याशेजारी, आणि त्या तळाला चिकटलेले त्यांचेच केस. डोक्यामागं मऊ, भयंकर खड्डा. लॅपटॉपचा चुरा झाला होता. बोटंसुद्धा ठेचली होती, एकेक. जणू ती पुन्हा काही टाइप करतील अशी कुणाला भीती होती.

श्वास मात्र चालू होता.

५

आदिलाबादच्या दवाखान्यातून निरोप आला: जिवंत आहे, शुद्ध नाही.

उजाडता उजाडता वल्लरी अंगणात फोन घेऊन बसली. शेजारी रुपा. दोघींचे डोळे सुजलेले.

"बाबा कोठडीत होता," रुपा म्हणाली. "सरायले त्यानं नाही मारलं, हे तं साहेबालेबी समजन."

"समजेल. पण मग कुणी? काकांनी? काल कसे गेले, पाहिलंस ना?"

"काका?" रुपानं मान झटकली. "काका तं रोज आजीले चिडवे, शेपटीवाल्याचा परसाद आनला म्हने. मारोती असं टाइप केलं असतं त्यायनं?"

खरंच की. काकांच्या कानांनी ते ऐकलेलं. भार्गवसरांच्याही कानांनी. मग आजीचा आवाज बनवणाऱ्याला हे माहीत कसं नव्हतं? 'ह्यांच्या फोटोपुढं' म्हणण्याइतकी तर त्याला रीत ठाऊक होती. नवऱ्याचं नाव टाळलं आणि देवाचं घेतलं. असं कोण करेल?

वल्लरीनं सोनाबाईची पहिली गोष्ट उघडली. आवाज बंद ठेवला, कारण रुपाला तो सोसवला नसता. खाली मजकूर सरकू लागला. तिनं स्वतः टाइप केलेला.

'आमचं घर मारोतीच्या देवळामागं.'

ती पुन्हा पुन्हा वाचत राहिली. हो, तिनंच बदललं होतं. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना शेपटीवाला कोण ते कळायचं नाही, म्हणून. आवाजात शेपटीवाला, मजकुरात मारोती.

म्हणजे सोनाबाईला मारणाऱ्यानं तिची गोष्ट कधी ऐकलीच नव्हती. फक्त वाचली होती.

तरी मनानं एक शेवटची वाट काढून पाहिली: पण पट्ट्याचं काय? एका पट्ट्यासाठी कुणी खून करतं का? तिनं पट्ट्याचे फोटो काढले. गोष्टपेटीत वस्तू गोल फिरते, चारी बाजूंनी. आधी जुने, काळवंडलेले. मग धुऊन आणल्यावरचे, लखलखीत. तिनं दोन्ही पट्टे फिरवले, कडीपाशी थांबवले आणि मोठे केले.

"रुपा, बघ."

रुपानं पाहिलं. एकाकडे, मग दुसऱ्याकडे.

"बाबाचे दात कोठी गेले?"

वल्लरीनं फोन पालथा ठेवला. उरलं होतं ते एकच नाव, आणि ते तिच्यानं घेववत नव्हतं.

६

"दहा मिनिटं," मल्लेशमसाहेब म्हणाले. "फक्त त्या भार्गवसाठी ऐकतो मी. नाहीतर कोर्टाकडे निघालेली जीप वळवलीच नसती."

संग्रहालयाच्या खोलीत ज्वारीचे दाणे अजून कोपऱ्याकोपऱ्यांत होते. बाकीचे कुणीतरी गोळा करून सुपात भरून ठेवले होते. दोन शिपायांमध्ये अमर, ओठाला टाके, गळ्यावर कासऱ्याचा जांभळा वळ. चिंतामणीकाका स्टुलावर. हर्षाली मॅडम उखळापाशी, हाताची घडी घालून. उजव्या हाताला रुमाल बांधलेला.

बाकाखाली जाणारा तो जुना आवाज परत येतो की काय असं वल्लरीला वाटलं. तिनं अमरच्या गळ्याकडे पाहिलं आणि बोलायला लागली.

"काका, सोनाबाई मारोतीच्या देवळाला काय म्हणायची?"

"शेपटीवाल्याचं देऊळ." काकांचे डोळे भरून आले. "जीभ झडन म्हने."

"मॅडम, तुम्ही सांगा. काय म्हणायची?"

"हा काय पोरखेळ आहे, वल्लरी?" मॅडम हसल्या. "काय म्हणणार? मारोतीचं देऊळ."

"तुम्ही ऐकलं होतं?"

"अगं, तिच्या गोष्टीतच आहे ते."

"गोष्टीत नाही, मॅडम. मजकुरात आहे. तो मी लिहिला होता."

तिनं टॅबवर बोट ठेवलं. सोनाबाईचा खरा आवाज खोलीत घुमला. "आमचं घर शेपटीवाल्याच्या देवळामागं." मग हसणं, माईकची खरखर, टकलाचा टोमणा. अमरनं डोळे मिटून घेतले.

मल्लेशमसाहेब पुढं झुकले. "आमची अम्मम्मा, आजी, पण अशीच. ताता, आमचे आजोबा, वारले तरी नाव नाही घेतलं कधी." त्यांनी मॅडमकडे पाहिलं. आता त्यांच्या नजरेत घाई नव्हती. "बोल अम्मा. पुढं."

"सगळ्यांनी आजीला ऐकलं होतं. तुम्ही फक्त वाचलं होतं, मॅडम. चांदी धुवायला तुम्हीच घरी नेली. जाताना पट्ट्यावर अमरकाकांच्या दातांचे वण होते. परत आला त्यावर नाहीत." तिनं टॅब साहेबांपुढं धरला. दोन पट्टे शेजारी शेजारी फिरत होते. "आजी परवा उरलेली गोष्ट सांगायला आली. पट्टा काचेतून पाहिला आणि तिला कळलं. ती कुणाला सांगेल? ज्यांच्यावर विश्वास होता, त्यांनाच. म्हणून मारल्यावर तुम्ही नकली पट्टाही नेला, कुणी बघू नये म्हणून. आणि काल भार्गवसरांचं तुम्हाला..." तिचा आवाज फाटला. "तुम्हाला मीच सांगितलं."

"किती हुशार," मॅडम हळूच म्हणाल्या. "मी तुला बोलायला शिकवलं, वल्लरी."

"हाव, मॅडम," वल्लरी म्हणाली. गावाची बोली तिच्या तोंडून आपोआप आली. "म्हणून तं बोलून राह्यली."

मग सगळं एकदमच झालं.

मॅडमनी उखळातलं मुसळ उपसलं आणि आडवं फिरवलं. जवळच्या शिपायाच्या नाकाचं हाड कडाक् वाजलं. दुसरा तडाखा टॅबवर बसला, काचा उडाल्या आणि वल्लरीच्या गालात घुसल्या. "काळी पडत होती चांदी!" मॅडम ओरडत होत्या, तो आवाज वर्गातला नव्हताच. "गाव येऊन बघत तरी होतं का? ती म्हातारी माझा पदर धरून बसली, माझे वण दे, माझे वण दे!" तिसरा घाव वल्लरीच्या डोक्यावर येत होता. मध्ये चिंतामणीकाका पडले. मुसळाच्या टोकाची लोखंडी वसू त्यांच्या खांद्यात बसली आणि ते ओरडलेही नाहीत, नुसते घडी होऊन खाली गेले.

रुपानं सूप उचललं आणि सगळी ज्वारी मॅडमच्या पायाखाली भिरकावली.

मॅडमचा पाय सरकला. दोन्ही पाय सरकले. त्या पाठीवर आपटल्या, डोकं जात्याच्या कडेवर बसलं, मुसळ हातातून सुटलं. बेड्या अजून अमरच्या हातात होत्या, तशाच बेडीच्या हातांनी त्यानं मुसळ उचललं आणि डोक्यावर नेलं.

"बाबा," रुपा म्हणाली. "आजी पाहून राह्यली."

अमरनं जात्याकडे पाहिलं. मग त्यानं ते उखळात उभं केलं, जागच्या जागी, आणि जात्यापाशी बसून लहान पोरासारखा रडला.

स्कूटीच्या डिकीत रिठ्याच्या पिशवीखाली नकली पट्टा निघाला. दुपारी हैदराबादहून ऑफिसचं उत्तर आलं: लॉगिन हर्षाली मॅडमचं. खरा पट्टा मात्र मिळाला नाही. तो वितळून कधीच कुणाच्या तरी पायातले वाळे झाला होता.

७

गालावरचे टाके निघाले तेव्हा संग्रहालय पुन्हा उघडलं. भार्गवसर आले, डोक्याला पट्टी, तीन बोटं कायमची वाकडी. नवा टॅब त्यांनी डाव्या हातानं बसवला. काकांचा हात गळ्यात बांधलेला होता, पण गोष्ट सांगायला हात कशाला लागतो? आता पाहुण्यांना आधी काका सांगत, मग पेटी.

"सोनाबाईची गोष्ट अर्धी आहे," भार्गवसर म्हणाले. "तिचा आवाज आहे आपल्याकडं. रुपा, तू म्हणशील तर शेवट पूर्ण करता येईल. तुझं नावही घेईल ती. एकदाच."

रुपानं नव्या काचेवरून बोट फिरवलं. ओठ हलले तिचे. मग तिनं मान हलवली. नाही.

वल्लरीनं मजकूर उघडला. 'मारोतीच्या' खोडलं. तिथं 'शेपटीवाल्याच्या' टाइप केलं. पट्ट्याच्या रिकाम्या काचेत त्यांनी काहीच ठेवलं नाही. चित्र तेवढं फिरत होतं, चार दातांच्या वणांसकट.

पहिल्याच दिवशी दुसरीतली एक चिमुरडी टाचा उंचावून आली. तिनं चित्रावर बोट ठेवलं, गोष्ट मध्येच थांबली तशी नाक फेंदारलं आणि रुपाचा फ्रॉक ओढला.

"ताई, शेपटीवाला म्हनजे कोन वं?"

रुपानं तिला उचलून कडेवर घेतलं आणि तिचं बोट पुन्हा आजीच्या फोटोवर नेलं.

"मले नोको विचारू," ती म्हणाली. "आजीलेच विचार."